पाकिटावरची ब्लूबेरी आणि तोंडातली कॉफी

प्रश्न असा आहे: "वर्षभर मी स्पेशालिटी कॉफी मागवतो आहे. सध्याच्या पाकिटावर चिकमगळूरची नॅचरल कॉफी असे लिहिले असून खाली ब्लूबेरी, जास्मिन आणि डार्क चॉकलेट अशा तीन नोट्स दिल्या आहेत. मला मात्र ती कॉफीसारखीच लागते, फार तर थोडी आंबूस. माझ्या जिभेत काही कमी आहे, की हे विक्रीसाठी रचलेले थोतांड आहे? आणि नोट्स ओळखून शब्दांत मांडायला शिकायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?"

उत्तराची सुरुवात तुमच्याच वाक्यातल्या एका शब्दापासून करतो. तुम्ही "आंबूस" लिहिले आहे, "आंबट" नाही. आपण लिंबाला आंबट म्हणतो आणि रात्रभर राहिलेल्या इडलीच्या पिठाला आंबूस म्हणतो. पहिल्या शब्दात केवळ जिभेला जाणवणारी आम्लता आहे, दुसऱ्यात आंबण्याच्या क्रियेचा वासही आहे. नॅचरल कॉफी म्हणजे फळ न सोलता, सालीगरासकट उन्हात वाळवलेली कॉफी. त्या आठवड्यांमध्ये गरातल्या साखरेवर यीस्ट आणि जिवाणू काम करत असतात आणि त्या कामाची छाप आतल्या बीवर उरते. म्हणजे कॉफीवर कोणती प्रक्रिया झाली आहे याचा माग तुम्हाला लागला होता, आणि त्यासाठी तुम्ही वापरलेला शब्दही नेमका होता. ही ओळख ब्लूबेरीपर्यंत पोचली नाही एवढेच, आणि त्याची कारणे जिभेत नाहीत. कॉफी भाजण्याच्या आणि चाखण्याच्या कामात मला चौदा वर्षे झाली. जन्मतःच चव न कळणारा माणूस या काळात मला क्वचितच भेटला, पण स्वतःच्या शब्दावर विश्वास नसलेली माणसे मात्र रोज भेटतात.

प्रथम चव आणि स्वाद यांतला फरक पक्का करू. बोलताना आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण कॉफीच्या टेबलावर ते वेगळे ठेवले तर पुढचे बरेच काम सोपे होते. चव म्हणजे जिभेला कळते ती: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो किंवा मशरूममध्ये असते तशी रुचकर चव). (जिभेच्या टोकाला गोड आणि मागच्या भागाला कडू कळते हा शाळेत दाखवला जाणारा नकाशा चुकीचा आहे, पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात.) स्वाद म्हणजे या चवीत नाकाने घातलेली भर. घोट घेतल्यावर कॉफीची वाफ घशाच्या मागून नाकात चढते आणि तेथे जे जाणवते ते आपल्याला तोंडातच घडल्यासारखे वाटते. साखरेत वेलदोड्याची पूड मिसळा, नाक घट्ट चिमटीत धरून चिमूटभर मिश्रण जिभेवर ठेवा. फक्त गोड लागेल. आता नाक सोडून श्वास बाहेर टाका. वेलदोडा एकदम उगवतो. पाकिटावर लिहिलेल्या ब्लूबेरी, जास्मिन, चॉकलेट या साऱ्या नोट्स बहुतांशी या दुसऱ्या वाटेने येतात, त्यामुळे त्या जिभेवर शोधत बसण्यात अर्थ नाही.

गोडव्याची गोष्ट तर यापेक्षाही चमत्कारिक आहे. अरेबिका या कॉफीच्या प्रमुख जातीच्या कच्च्या बीमध्ये साधारण 6 ते 9 टक्के साखर असते, पण भाजताना ती जवळजवळ सगळी मोडून जाते, आणि कपातल्या गाळलेल्या कॉफीत 98 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. म्हणजे जिभेला गोड लागावे इतकी साखर त्यात उरतच नाही. तरीही चांगली कॉफी गोड लागते, कारण कॅरमेलसारखा किंवा पिकलेल्या फळासारखा वास आला की मेंदू सवयीने गोडवा मानून चालतो. ही सवय ज्याच्या त्याच्या जेवणातून घडलेली असते. आपल्याकडे वेलदोडा, जायफळ आणि केशर लहानपणापासून श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी यांच्यासोबत भेटत आल्यामुळे त्यांचा वासही आपल्याला गोड वाटतो. वेलदोडा प्रामुख्याने रश्श्यात आणि भातात वापरणाऱ्या माणसाला तो तसा वाटेलच असे नाही. म्हणून "मला यात गोड लागत नाही" असे कोणी म्हटले की मी त्याला चूक ठरवत नाही, घरी गोडाचे काय होत असे तेवढे विचारतो.

"कॉफीसारखीच लागते" या तक्रारीचे मूळही स्मृतीतच आहे. बहुतेक मराठी घरांत कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर घातलेली आणि वर जायफळ किसलेली. त्या पावडरीत अनेकदा चिकोरीही असते. ती एका वनस्पतीची भाजलेली मुळी असून तिला काकवीसारखा गुळमट, थोडा जळका वास असतो. या सगळ्यांचे मिळून एक मोठे गाठोडे डोक्यात "कॉफी" या नावाने बांधलेले असते आणि नवा कप समोर आला की मेंदू तेच गाठोडे काढून देतो. ते सोडवायचा एक खात्रीचा उपाय म्हणजे नुसती चिकोरी आणून, गरम पाण्यात भिजवून, एकदा वेगळी चाखणे. ज्याला आपण इतकी वर्षे कॉफीचा वास समजत होतो त्यातले किती चिकोरीचे आणि किती जायफळाचे होते हे कळल्यावर उरलेली जागा मोकळी होते.

आता थोतांडाविषयी. कॉफीत ब्लूबेरी घातलेली नसते. नोट म्हणजे उपमा असते, घटक नसतो. पण ती हवेतली उपमाही नसते, कारण भाजलेल्या कॉफीत 800 हून अधिक उडनशील संयुगे ओळखली गेली आहेत आणि त्यांतली पुष्कळ आपल्या खाण्यातल्या इतर पदार्थांतही आहेत. स्ट्रॉबेरी आणि अननसाच्या वासात भाग असलेले फ्युरॅनिऑल कॉफीत असते. धुराचा वास देणारे ग्वायकॉल असते. लिनालूल नावाचे संयुग चमेलीच्या जातीच्या फुलांत आहे, कॉफीत आहे आणि आपल्या धण्यांच्या वासाचा तर तो मुख्य आधारच आहे. डब्यातले चार धणे दातांनी फोडून पाहा. मसाल्याच्या आधी क्षणभर एक फुलासारखा, लिंबाच्या सालीसारखा वास येतो. हलक्या भाजणीच्या धुतलेल्या (म्हणजे साल-गर आधीच काढून मग वाळवलेल्या) कॉफीत "फुलांसारखे" म्हणतात ते पुष्कळदा याच्या आसपासचे असते.

येथे भाषेची एक अडचण सांगतो, कारण पाकिटे बहुतेक इंग्रजीत विचार करून लिहिलेली असतात. इंग्रजीत जाई, जुई, मोगरा आणि चमेली या चौघींना मिळून एकच शब्द आहे, जास्मिन. मराठी वाचक तो वाचतो आणि त्याच्या मनात बहुधा मोगऱ्याचा गजरा येतो, तोही उन्हाळ्यातला, डोके दुखवणारा. तसला वास कॉफीत येत नाही, म्हणून तो निराश होतो. मला कॉफीतला हा वास जुईच्या जास्त जवळचा वाटतो. पातळ, हिरवट, पहिल्या दोन घोटांतच दिसून नाहीसा होणारा. मार्च-एप्रिलच्या वळवानंतर कॉफीचे मळे फुलतात तेव्हा त्या पांढऱ्या फुलांचाही असाच दरवळ असतो, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी कर्नाटकातच जायला हवे असे नाही; अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडे आहेत. नटी या शब्दाचेही तसेच. तो वाचून हेझलनट शोधण्यात वेळ जातो, आणि कपात मात्र भट्टीतून नुकते काढलेले शेंगदाणे असतात. मोलॅसेस म्हणजे काकवी. ब्राउन शुगर म्हटले की मी कोल्हापुरी गूळ समजतो आणि सहसा फसत नाही.

ब्लूबेरीबाबत माझी स्वतःची फजिती सांगण्यासारखी आहे. पहिल्या मोठ्या कपिंगमध्ये, म्हणजे अनेक कॉफ्या शेजारी मांडून चाखण्याच्या बैठकीत, इथिओपियाची नॅचरल कॉफी होती. शेजारच्या तिघांनी ब्लूबेरी लिहिले, मीही लिहिले. तोपर्यंत मी ब्लूबेरी कधी खाल्ली नव्हती. माझ्या डोक्यात होती ती एका केकवरची जांभळी जेली. पुढे समजले की वर्ल्ड कॉफी रिसर्च या संस्थेने कॉफीच्या चवीची जी संज्ञासूची केली आहे, तिच्यात ब्लूबेरीचा संदर्भ म्हणून ताजे फळ नाही, पाकातल्या डबाबंद ब्लूबेरी आहेत. तसा एक डबा आणून चाखला तेव्हा मला आठवले ते पिकलेले करवंद आणि त्यात मिसळलेली जरा जास्त पिकल्याची उग्रता. तेव्हापासून माझ्या वहीत अशा कॉफीसमोर "पिकलेली करवंदे" असते आणि ग्राहकाच्या पाकिटासाठी त्याचे ब्लूबेरी होते. तुमच्या पाकिटामागेही असेच काहीतरी घडलेले असण्याची शक्यता बरीच आहे. करवंद सापडले नाही तर जांभूळ आठवून पाहा, पण जांभळासोबत तुरटपणा येतो. कॉफीत तो नसेल तर जांभूळ लिहू नये.

वर उल्लेखलेली संज्ञासूची 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 110 गुणधर्म आहेत आणि प्रत्येकाची तीव्रता शून्य ते 15 या मापावर मोजता यावी म्हणून नमुन्याचे पदार्थ ठरवून दिले आहेत. कॉफीच्या दुकानांतून भिंतीवर लावलेले रंगीत स्वादचक्र मुळात 1995 चे. ते 2016 मध्ये या सूचीच्या आधारे नव्याने काढले गेले. चक्र उपयोगी आहे, मात्र लोक ते उलटे वापरतात. बाहेरच्या कडेवर रास्पबेरी, डाळिंब, कॅमोमाइल अशी मोहक नावे असतात आणि नजर आधी तिकडे जाते. वाचायचे ते मध्यापासून. आधी फळासारखे, फुलासारखे, भाजल्यासारखे, मसाल्यासारखे, गोड, आंबलेले, हिरवट यांपैकी काय ते ठरवावे. मग फळ असेल तर लिंबूवर्गीय, छोट्या रसाळ फळांचे, सुक्या फळांचे की आणखी कोणते ते ठरवावे. आणि पुढे खात्री नसेल तर तेथेच थांबावे. "सुक्या फळासारखे काहीतरी" हे वर्णन पूर्ण आणि प्रामाणिक आहे. त्यापुढे खजूर, मनुका की सुके अंजीर हे कपाने सांगितले तर लिहावे, आपण होऊन ओढू नये.

फळाच्या नावाआधी जिभेकडचे हिशेब मिटवावे लागतात आणि नवशिके अडखळतात ते येथे. आंबट आणि कडू यांची गल्लत फार सर्रास होते. आणि कडू व तुरट यांची त्याहून अधिक. एकदा माझ्याकडे शिकायला आलेली साताऱ्याकडची एक मुलगी तीन दिवस प्रत्येक हलक्या भाजणीच्या कॉफीला कडू म्हणत होती. चौथ्या दिवशी मी तिच्यापुढे तीन पेले ठेवले: एकात काडेकिराइताचे पाणी, दुसऱ्यात लिंबूफूल घातलेले पाणी आणि तिसऱ्यात हिरड्याची पूड भिजवून गाळलेले पाणी. तिने पहिला घोट घेऊन तोंड वाकडे केले, तिसऱ्याला जीभ टाळूवर दोनदा घासली आणि म्हणाली, "सर, हे तिसरं. मी याला कडू म्हणत होते." तिला कडूपणा नव्हे, तुरटपणा लागत होता. तुरट ही खरे तर चव नाहीच. टॅनिनसारखे पदार्थ लाळेतल्या प्रथिनांना धरतात, तोंडातला ओलावा सरकेनासा होतो आणि तो कोरडा ओढा स्पर्शाने जाणवतो. आपल्या परंपरेतल्या षड्रसांमध्ये कषाय रस म्हणून त्याला स्वतंत्र स्थान आहे, आणि मराठीत तर तो शब्द लहान मुलालाही माहीत असतो. (जाता जाता: त्याच यादीतला कटू म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीत येताना या दोन शब्दांनी आपापसांत घरे बदलली, त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना गोंधळ होतो.)

हा प्रयोग घरी करण्याजोगा आहे. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम साखर, दुसऱ्या लिटरमध्ये अर्धा ग्रॅम लिंबूफूल, तिसऱ्यात दोन ग्रॅम मीठ, एवढ्यावर सुरुवात होते. नंतर दोन-दोन एकत्र करून पाहावे, कारण साखर घातली की तेच लिंबूफूल "फळासारखे" वाटू लागते आणि पिकलेल्या फळाचा भास कोठून येतो हे समजते. आंबटपणाच्या जातीही स्वयंपाकघरातूनच शिकता येतात. लिंबात सायट्रिक आम्ल असते, हिरव्या सफरचंदात मॅलिक, चिंचेत टार्टारिक, दह्यात लॅक्टिक आणि व्हिनेगरमध्ये ॲसेटिक. लिंबू झटकन टोचते आणि जाते. सफरचंद गालांच्या कडेला जरा वेळ राहते. दह्याचा आंबटपणा गोलसर, दुधाळ असतो. व्हिनेगर जिभेआधी नाकात चढते. हे पाच आंबटपणे डोळे मिटून वेगळे सांगता आले तर कॉफीबद्दल "ॲसिडिटी चांगली आहे" असे पोकळ वाक्य लिहिण्याची वेळ येत नाही. कोकम मी मुद्दाम यात धरले नाही, कारण त्याच्या आंबटपणात मीठ, रंग आणि सोलकढीच्या आठवणी इतक्या मिसळलेल्या असतात की शिकणारा आम्ल विसरून आठवणच चाखू लागतो. शिक्षण झाल्यावर मात्र आमसूल हा शब्द फार कामाचा आहे.

चाखण्याच्या पद्धतीचे सांगतो. कपिंग नावाच्या रीतीत 150 मिलिलिटर पाण्याला 8.25 ग्रॅम कॉफी घेतात. घरच्या 200 मिलिलिटरच्या वाटीला 11 ग्रॅम झाले. जाडसर दळावी, कोरड्या पुडीचा वास आधी घ्यावा, मग साधारण 93 अंश सेल्सिअसचे पाणी ओतून चार मिनिटे हात लावू नये. वर जो साका जमतो तो चमच्याने फोडताना नाक वाटीच्या अगदी जवळ हवे. त्या दोन-तीन सेकंदांत येणारा वास पुन्हा मिळत नाही. फेस काढून टाकावा आणि आणखी चार-पाच मिनिटांनी चमच्याने भुरके मारत चाखावे. लहानपणी ज्यासाठी पाठीत धपाटा मिळाला तोच भुरका येथे मोठ्याने मारायचा असतो, कारण त्याने कॉफीचे बारीक थेंब होऊन वाफ मागच्या वाटेने नाकात जाते. गरम, कोमट आणि पूर्ण गार अशा तीन अवस्थांत नोंद करावी. कडक गरम कॉफीत भाजणीचा वास बाकी सगळ्यांवर मात करतो. फळे बहुधा कोमट झाल्यावर बोलू लागतात आणि दोष गार झाल्यावर लपत नाहीत. तुम्ही जर वाफाळती कॉफी पाच मिनिटांत संपवत असाल तर पाकिटावरची निम्मी नोंद तुमच्या वाट्याला आलेलीच नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकच कॉफी कधीही एकटी चाखू नये. एका वाटीवरून माणसाला काहीच सांगता येत नाही, दोन वाट्या शेजारी आल्या की फरक आपोआप दिसतो आणि फरकालाच नाव द्यायचे असते. एकाच मळ्याची धुतलेली आणि नॅचरल अशा दोन कॉफ्या मिळाल्या तर त्यासारखी शाळा नाही: वाण तोच, माती तीच, भाजणीही जवळपास सारखी, फक्त प्रक्रिया वेगळी. पुढची पायरी तीन वाट्यांची. दोनांत एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी. घरातल्या कोणाला तरी ओतायला सांगावे आणि वेगळी वाटी ओळखावी. शब्द सुचण्याच्या आधी हे जमायला हवे, आणि हे जमत नसताना शब्द सुचत असतील तर ते पाकिटावरून आलेले आहेत असे समजावे. पाकीट म्हणूनच चाखून होईपर्यंत कपाटात राहू द्यावे.

पाण्याकडे लोक फार उशिरा पाहतात. बोअरवेलच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्ले मारून टाकतात, आणि मग उत्तम कॉफीही सपक, खडूसारखी लागते. उलट आरओच्या फार रिकाम्या पाण्यात ती टोकदार आणि पोकळ होते. तुमच्या गावचे पाणी जड असेल तर एकदा बाटलीबंद पाण्यावर तीच कॉफी करून पाहा. दोष बाहेरचा निघाला तर जिभेला उगीच शिक्षा नको.

आता वर्णनाकडे. मराठीत चांगल्या वासाचे शब्द मोजके आहेत, पण बिघडलेल्या आणि बिघडत चाललेल्या अन्नाचे शब्द इतके नेमके आहेत की कपिंगच्या टेबलावर मला इंग्रजीपेक्षा त्यांचाच आधार जास्त वाटतो. जुन्या तेलासारखी झालेली कॉफी खवट. ओलसर गोदामात राहिलेली कुबट, त्यापुढे गेलेली बुरसट. मातीचा वास आला तर मातकट, भट्टीत धूर कोंडला तर धुरकट, टोके जळली तर करपट. आत नीट न भाजली गेलेली, भिजवलेल्या हरभऱ्यासारखी लागणारी कच्चट. पाणी जास्त झाले तर पाणचट, सगळे असून जीव नसेल तर मिळमिळीत. आणि उलट बाजूला एकटा खमंग हा शब्द: भाजल्याने आलेला, करपटाच्या अलीकडे थांबलेला, भूक चाळवणारा वास. याचे एका शब्दात इंग्रजी मला आजवर करता आलेले नाही. एका व्यापाऱ्याने मला पाठवलेल्या पोत्यांवर फुलांच्या आणि मधाच्या नोट्स लिहिल्या होत्या. आमच्या पॅकिंगमधल्या काकांनी वाटीवर नाक धरले आणि "तागाच्या पोत्याचा वास येतोय" एवढेच म्हणाले. बी जुने होऊन त्याला पोत्याचा वास लागणे हा या धंद्यातला ओळखीचा दोष आहे, आणि काकांना त्याचे इंग्रजी नाव माहीत नसल्याने काहीच अडले नाही.

मात्र दोष कोणता आणि गुण कोणता हे कॉफी पाहून ठरते. मॉन्सून्ड मलबार ही कॉफी किनाऱ्यावरच्या गोदामांत मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर ठेवून फुगवलेली असते. तिचा आंबटपणा जवळजवळ जातो, रंग फिकट पिवळा होतो आणि जुन्या लाकडाचा, मातीचा वास येतो. तेथे "मातकट" लिहिले तर ते वर्णन झाले. चिकमगळूरजवळच्या बाबाबुदनगिरी डोंगरांतल्या धुतलेल्या कॉफीत तोच शब्द लिहिला तर ती तक्रार झाली. म्हणूनच वर्णन आणि आवड या दोन गोष्टी वहीत वेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात. आता स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या नव्या मूल्यमापन पद्धतीतही त्या वेगळ्या केलेल्या आहेत. आधी काय आहे ते, मग ते मला कसे वाटले ते.

लिहायचे कसे हे दाखवण्यासाठी माझ्या वहीतली एक नोंद देतो. कॉफी बाबाबुदनगिरीची, धुतलेली, वाण एस 795. हा वाण कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रात तयार झाला आणि भारतात आजही मोठ्या प्रमाणावर लावला जातो. भाजणी मध्यमाच्या अलीकडची. "कोरड्या पुडीला गूळ आणि भाजलेले शेंगदाणे, म्हणजे जवळजवळ चिक्कीच. साका फोडताना किंचित लवंग. गरम असताना कडसर, सौम्य. कोको असावा, खात्री नाही. कोमट झाल्यावर आंबटपणा वर आला, पण लिंबाचा नव्हे, आमसुलाच्या साराचा, हळू चढणारा. दाटपणा मध्यम, ताकाइतका नाही, डाळीच्या पाण्यासारखा. गिळल्यावर गुळाचा वास मिनिटभर. गार झाल्यावर थोडा तुरट." यात फळाचे नाव जवळपास नाही, तरी दुसऱ्या दिवशी तीच कॉफी इतर पाच वाट्यांत लपवून ठेवली तर या नोंदीवरून मला ती काढता येते. नोंदीची परीक्षा तीच. "असावा, खात्री नाही" हे शब्दही तसेच राहू द्यावेत. दोन महिन्यांनी वही चाळताना कोणत्या शब्दावर किती विसंबावे ते त्यांच्यावरूनच कळते.

राहिला प्रश्न पाकिटाच्या सचोटीचा. सगळेच रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारे, वर सांगितल्याप्रमाणे चाखून लिहितात असे म्हणणे धाडसाचे होईल. ज्या पाकिटावर वाण, प्रक्रिया, मळा किंवा निदान प्रदेश आणि भाजण्याची तारीख आहे त्याच्या नोट्स मी गंभीरपणे घेतो. तीन परदेशी फळे आहेत आणि बाकी काहीच नाही, तर ती जाहिरात समजतो. काळपट, तेलकट दिसणाऱ्या बियांच्या पाकिटावर जास्मिन असेल तर तीही; तितक्या गडद भाजणीत फुलांचे ते नाजूक वास टिकत नाहीत.

तुमच्या पाकिटात अजून 50-60 ग्रॅम उरले असतील तर असे करा. शेजारी कोणतीही धुतलेली चिकमगळूरची कॉफी ठेवा, दोन्हींच्या 11-11 ग्रॅमच्या वाट्या बाटलीबंद पाण्यावर करा आणि अर्धा तास टेबलावरून उठू नका. जेथे तुम्हाला पहिल्यांदा आंबूस जाणवले त्या घोटाशी थांबून एकच विचारा: हे आंबणे पिठाचे आहे, ताडीचे, जास्त पिकलेल्या केळ्याचे, फणसाचे, की करवंदाचे? भारतीय नॅचरल कॉफ्यांत मला स्वतःला पिकलेल्या फणसाचा वास वारंवार आला आहे, आणि तो एकदाही मी पाकिटावर छापलेला पाहिलेला नाही. जास्मिनचा नाद गरम असतानाच, साका फोडण्याच्या क्षणी करा. तेव्हा नाही आली तर पुढे येणार नाही. चॉकलेट शेवटी, गार झाल्यावर, गिळून झाल्यानंतर शोधा. काय सापडले ते लिहून कळवलेत, आणि पाकिटावर भाजणीची तारीख असेल तर तीही दिलीत, तर उरलेले बोलता येईल.